हुंडी नकारणारा कोण? टॅमरिएलसाठी बडोद्यात रचलेल्या एका जादूचं प्रकरण

'द एल्डर स्क्रोल्स' ही व्हिडिओ गेमची मालिका टॅमरिएल नावाच्या खंडावर घडते. त्या खंडासाठी दांडिया बाजारातल्या एका मराठी घरात चाहत्यांनी स्वतःची एक जादूपद्धती रचली. नाव हुंडी-विद्या. हुंडी म्हणजे अमक्याला इतकी रक्कम द्या, असं दुसऱ्याच्या नावे लिहिलेला जुना सावकारी कागद. कॉम्प्युटरवर नाही, फासे आणि वही घेऊन टेबलाभोवती ते ती खेळत होते. सुरुवातीच्या बैठका झकास झाल्या. मग खेळाडूंना पद्धतीत एक फट सापडली आणि जादूला तळच उरला नाही. रचणाऱ्यानं दोन उपाय करून पाहिले, दोन्ही फसले. शेवटी वाट दाखवली ती त्याच्या आत्यानं. बँकेच्या क्लिअरिंग विभागात तिची नोकरी झाली आणि व्हिडिओ गेमशी तिचा संबंध एवढाच की दिवाणखान्यातला टीव्ही त्यापायी अडकलेला असतो.

मंडळी चार. रचणारा सीएची आर्टिकलशिप करतो आणि खेळही तोच चालवतो. खेळाडू तिघं: त्याची चुलतबहीण, जी फाइन आर्ट्स शिकते, एक प्रोग्रामर मित्र, आणि औषध कंपनीत कामाला असलेला त्या मित्राचा मोठा भाऊ. वह्या, कागद आणि काही बैठका मी जवळून पाहिल्या आहेत.

मूळ जगातलं भांडवल

चाहत्यांनी रचलेली जादू बहुतेक वेळा एकाच ठिकाणी आपटते: मूळ जगाचा हिशेब न बघता वर मजले चढवले जातात. इथे तसं झालं नाही, म्हणून हा भाग नीट बघण्यासारखा आहे.

टॅमरिएलच्या पुराणात मॅग्नस हा सृष्टीचा आराखडा करणारा. सृष्टी घडत असताना तो मध्येच निघून गेला आणि जाताना आकाशाला जे भगदाड पडलं तोच सूर्य. त्याच्यामागून पळालेल्यांनी पाडलेली बारीक भोकं म्हणजे तारे. पलीकडे एथेरियस हा जादूचा लोक, आणि तिथून या भोकांतून झिरपते ती मॅजिका, म्हणजे मंत्र टाकायला लागणारी शक्ती. म्हणजे पुरवठा बाहेरचा आहे आणि कुणाच्या बापाचा नाही. टंचाई आहे ती अंगात मावण्याची.

ही मॅजिका भरून किती वेळात येते यावर पुढचं सगळं उभं राहतं. 'स्कायरिम'मध्ये, म्हणजे २०११ च्या खेळात, लढाई नसेल तर मॅजिका दाखवणारी निळी पट्टी सेकंदाला ३ टक्क्यांनी भरते. अर्ध्या मिनिटात काम तमाम. २००२ च्या 'मॉरोविंड'मध्ये मात्र झोप काढल्याशिवाय ती आपोआप भरत नसे. रचणाऱ्यानं मॉरोविंडचा नियम उचलला, आणि माझ्या मते सगळ्या आराखड्यातला हा सर्वांत शहाणा निर्णय होता. अर्ध्या मिनिटात पगार होत असेल तर उसनवारी करायला कोण जाईल?

साठवण मूळ जगात आहेच. २००६ च्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये जुन्या एल्फ लोकांच्या पडक्या वास्तूंत वेल्किंड नावाचे निळे दगड सापडतात. एक वापरला की मॅजिका भरते. आत्मे कोंडायचे सोल जेम नावाचे खडे तर मालिकेतल्या बहुतेक खेळांत आहेत. स्कायरिममध्ये कुठल्या दर्जाच्या जेममध्ये किती मावतं हेही ठरलेलं: पेटी २५०, लेसर ५००, कॉमन १०००, ग्रेटर २०००, ग्रँड ३०००. रचणाऱ्याला यात आयती नाणी दिसली. दुसऱ्याची मॅजिका ओढून घेण्याचे मंत्रही जुन्या खेळांत आहेत, पण समोरच्याला गाठावं लागतं. साठवण आहे, ओढाताण आहे. लांबच्या माणसाकडून, त्याच्या मर्जीनं, आज किंवा पुढच्या तारखेला मॅजिका मिळवायची सोय तेवढी नाही. ही मोकळी जागा बघून हुंडी आली.

हुंडीच का

बडोद्यात वाढलेल्या पोराला हुंडी सुचावी यात नवल नाही. १९०८ साली सयाजीरावांनी बँक ऑफ बडोदा काढली, त्याच्या आधीच्या काळात गायकवाडांचा दरबार हरिभक्ती, गोपाळराव मैराळ अशा पेढ्यांच्या कर्जावर चालत असे. दरबाराच्या शब्दावर सावकाराचा भरवसा बसेना तेव्हा अरब शिबंदीचे, म्हणजे भाडोत्री फौजेचे, सरदार हमी देत. १८०२ च्या सुमारास अरबांची ही जागा ईस्ट इंडिया कंपनीनं घेतली आणि हमीच्या आडून दरबाराच्या कारभारात हात घातला. ही गोष्ट पद्धतीत जशीच्या तशी उतरली. व्हाइटरन शहरातल्या कंपॅनियन्स या लढवय्यांच्या टोळीची हमी घेता येते, पण हमी घेतली की त्यांचा माणूस तुमच्या मोहिमेत येऊन बसतो आणि कुठे जायचं यात त्याला मत असतं.

हुंडीचे प्रकारही आयते मिळाले. दर्शनी दाखवल्याबरोबर वटते. मुदती ठरल्या दिवशी वटते. त्याआधी हवी असेल तर पेढीवर वटाव, म्हणजे ठरलेली कपात, कापून मिळते. जोखमी हुंडी पूर्वी माल सुखरूप पोचला तरच देय होत असे. इथे तिचा अर्थ असा लावला की मंत्र लागला तर मॅजिका जाते, चुकला तर नाही, आणि त्यासाठी हुंडणावळ, म्हणजे हुंडीचं शुल्क, जबर. नामजोग हुंडी नाव घातलेल्यालाच मिळते, शाहजोग पेढीच्या ओळखीच्या पतदार माणसाला. हुंडी हरवली तर दुसरी प्रत म्हणजे पैठ, तीही गेली तर परपैठ. वटून गेलेली हुंडी म्हणजे खोका. तो छिद्र पाडून दोऱ्यात ओवतात. १८८१ च्या पराक्राम्य संलेख (चेक, हुंडी वगैरेंच्या) कायद्यानं देशी भाषांतल्या हुंड्यांचे स्थानिक रिवाज शाबूत ठेवले होते. त्याच धर्तीवर स्कायरिममधल्या शहरांपैकी सॉलिट्यूडचा रिवाज वेगळा, रिफ्टनचा वेगळा. रिफ्टन चोरांचं गाव, तिथे शाहजोग हुंडी नेणं व्यर्थ, तिथे शाह कुठून आणणार?

कागद चुलतबहिणीनं केले, आणि ते हातात घेऊन बघावेत असे आहेत. जाड हातकागदाला चहाच्या पाण्यात बुडवून रंग दिलेला, वर डाव्या कोपऱ्यात पेढीची खूण, मजकूर मोडीत. बडोद्याच्या जुन्या दप्तरात मोडीचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, पडलेत. ती त्या ओढीनंच मोडी शिकली. टेबलावर मोडी झरझर वाचणारं दुसरं कुणी नाही, त्यामुळे ऐन लढाईत हुंडी वाचायला लागणारा वेळ हाच खर्च ठरला. रक्कम जुन्या रिवाजानं लिहिलेली: "मॅजिका ३००, अक्षरी तीनशे, निमे दीडशे त्याची दुप्पट पुरे." आकड्यात खाडाखोड करून कुणी रक्कम फुगवू नये म्हणून सावकार असं लिहीत. एकदा प्रोग्रामरनं खेळातल्या एका गावंढळ पेढीवर ३०० चे ८०० करून हुंडी दाखवली. पेढीवाल्याच्या भूमिकेत बसलेल्या रचणाऱ्यानं शांतपणे विचारलं, "निमे किती?" पुढचा अर्धा तास त्या पात्राचा तुरुंगात गेला.

फट

मुदती हुंडी पेढीवर वटवताना १० टक्के वटाव आणि मुदत अकरा दिवस, असा मूळ नियम. पेढी म्हणजे कोण, तिच्याकडे मॅजिका किती, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

औषध कंपनीतल्या भावानं बहिणीच्या पात्रावर ३०० ची हुंडी लिहिली. तिनं सकारली, म्हणजे भरायचं कबूल केलं. त्यानं ती वटवून २७० उचलले आणि मंत्रांत उडवले. अकराव्या दिवशी तिला ३०० भरायचे होते. तिनं प्रोग्रामरवर ३४० ची लिहिली, वटाव जाऊन ३०६ आले, ३०० भरले. प्रोग्रामरची पाळी आली तेव्हा त्यानं मोठ्या भावावर ३८० ची लिहिली. हातात ३४२, त्यातून ३४० चुकते. कागदावरचं कर्ज फुगत होतं, भरायची वेळ मात्र कुणावरच येत नव्हती. मग त्यांनी अशा साखळ्या एकाच वेळी अनेक सुरू केल्या. एका बैठकीत ड्रॅगननं तोंड उघडायच्या आत तो गारद झाला. खेळाडू खूश, रचणारा गप्प.

त्यानं आधी वटाव २५ टक्के केला. कागद जास्त वेगानं फुगायला लागले, बाकी फरक शून्य. जे कधी फेडायचंच नाही ते महाग झालं काय नि स्वस्त झालं काय. मग त्यानं दर माणशी कमाल मर्यादा घातली. यावर बहिणीचा सवाल बिनतोड होता: "दादा, मग निळी पट्टीच काय वाईट होती?" खरंच होतं. हुंडीचं सगळं नाटक करून शेवटी तीच पट्टी हातात येणार असेल तर मोडी कशाला शिकायची?

इथे थोडं विषयांतर, पण कामाचं. मूळ खेळही नेमके याच जागी फुटलेले आहेत. स्कायरिममध्ये 'फॉर्टिफाय रेस्टोरेशन'चा (बरं करणारी जादू वाढवणारा) काढा प्यायला की अंगावर चढवलेल्या मंतरलेल्या वस्तूंचे गुणही वाढतात. काढ्याचा अंमल असताना अल्केमी, म्हणजे काढे करण्याची विद्या, वाढवणारी अंगठी उतरवून पुन्हा घालायची, तिच्या जोरावर आणखी जालीम काढा करायचा, तो पिऊन पुन्हा अंगठी. आकड्यांना अंत नाही. मॉरोविंडमध्ये बुद्धी वाढवणारा काढा पिऊन त्याहून तगडा बुद्धीचा काढा करता येतो, तिथेही तेच. आणि हा सगळा खटाटोप नको असेल तर स्कायरिममध्ये शिरस्त्राण, अंगरखा, अंगठी आणि गळ्यातलं अशा चार वस्तूंवर खर्चात २५ टक्के सवलतीचा मंत्र चढवायचा. चार पंचवीस शंभर, विनाशाचे मंत्र फुकट. या तिन्ही ठिकाणी आकडा आकड्याला खायला घालतो आणि "बास, आता नाही" म्हणणारं समोर कुणी नसतं. हुंडी-विद्येतली पेढीही तशीच बिनमालकाची होती.

आत्या

रविवारी सकाळी सेव-उसळ आणायला पोरं बाहेर गेलेली असताना आत्यानं टेबलावरची हिशेबाची वही चाळली. परत आल्यावर झालेलं संभाषण मी ऐकलं आहे.

"अरे, हे तिघं एकमेकांवरच कागद काढतायत की."

"हो आत्या. नियमात बसतं ते."

"बसू दे. पेढीवर कोण बसलंय?"

"कोणी नाही. पेढी म्हणजे... पेढीच."

"मग नकारणार कोण? आमच्याकडे असे तीन खातेदार चेक फिरवायला लागले की मॅनेजर तिघांनाही एकच खातं धरायचा. आणि रोज संध्याकाळी हिशेब मिटवायचा असतो बाळा, अकरा दिवसांनी नाही."

आर्टिकलशिपच्या ऑडिटमध्ये संबंधित पक्षांचे व्यवहार तपासणारा हा मुलगा. हे त्याच्या रोजच्या कामातलं होतं, फक्त टॅमरिएलमध्ये लावायचं सुचलं नव्हतं. त्या आठवड्यात त्यानं पेढीचं सगळं प्रकरण नव्यानं लिहिलं.

आता दर पेढीला मालक आहे आणि गंगाजळी आहे, सोल जेममध्ये मोजलेली. पहाटे, मॅग्नसच्या भगदाडातून उजेड आला की त्या दिवशी देय झालेल्या सगळ्या हुंड्यांची वजावट होते आणि उरलेली बाकी रोख मिटवावी लागते. हुंडीच्या पाठीवर सही केलेला प्रत्येक जण बांधील. जे एकमेकांसाठी सह्या करतात त्यांची पत पेढीच्या वहीत एकत्र मोजली जाते. हुंडी नकारली गेली की त्या कागदावरच्या सगळ्यांची पत एक पायरी उतरते, आणि बातमी पुढच्या गावी त्यांच्याआधी पोचते.

एक नियम त्यानं स्वतः शोधून काढला आणि तो मला सगळ्यांत आवडतो: दामदुपट. हिंदू कायद्याच्या या जुन्या नियमानुसार, जो मुंबई इलाख्यातही चालत असे, एका वेळी मागता येणारं व्याज मुद्दलाहून जास्त असू शकत नाही. फिरवलेली हुंडी मूळ कर्जाचीच धरायची, असं त्यानं ठरवलं. म्हणजे ३०० ची साखळी ३४०, ३८०, ४२५, ४७५, ५३०, ५९० अशी चढते आणि पुढचा ६६० चा कागद पेढीला घेता येत नाही, कारण ६०० च्या वरचं मागण्याचा तिला हक्कच नाही. हात आखडता घेण्यात आता पेढीचाच स्वार्थ आहे. कमाल मर्यादेनंही साखळी थांबलीच असती, मग फरक काय? मर्यादेपुढे खेळाडू काहीच करू शकत नव्हते. स्वार्थी मालकापुढे मात्र पुष्कळ करता येतं: खोटी नावं घेता येतात, तीन गावांत तीन पेढ्या गाठता येतात, सही वेगळ्या हातानं करता येते. साखळी फिरवणं बंद झालं नाही. तो एक धाडसी गुन्हा झाला आणि त्याभोवती दोन बैठका रंगल्या.

मालक कोण कोण

मालक मूळ जगातून घेतले. झेनिथार हा कष्टाचा आणि व्यापाराचा देव. त्याच्या देवळातली पेढी केलेल्या कामावरच हुंडी सकारते. सोल केर्न या कोंडलेल्या आत्म्यांच्या लोकाचे मालक आयडियल मास्टर्स आत्मा गहाण घेतात. त्यांच्या व्यवहाराचा नमुना स्कायरिमच्या २०१२ च्या 'डॉनगार्ड' या पुरवणीत आहे. डर्नेव्हिर या ड्रॅगननं मेलेल्यांची फौज मिळावी म्हणून त्यांच्याशी करार केला: वॅलेरिका मरेपर्यंत तिच्यावर पहारा द्यायचा. वॅलेरिका व्हॅम्पायर आहे, ती आपणहून मरणारच नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ज्या जगात असा करार आधीच लिहिलेला आहे त्यात हुंडी उपरी वाटत नाही.

तिसरा क्लाव्हिकस व्हाइल, सौदेबाजीचा डेड्रिक प्रिन्स, म्हणजे त्या जगातली एक बलाढ्य दैवी शक्ती. तो काहीही सकारतो आणि अक्षरशः पाळतो. प्रोग्रामरचं पात्र अ‍ॅट्रोनॅक राशीवर जन्मलेलं. ऑब्लिव्हियनमध्ये या राशीच्या माणसाची मॅजिका आपोआप कधीच भरत नाही. म्हणजे हा गडी संपूर्ण उधारीवर जगणारा. त्यानं घाईत व्हाइलवर १००० ची दर्शनी हुंडी लिहिली आणि नामजोग लिहायचं राहिलं. रात्री मुक्कामावर चोरी झाली. दुसऱ्या दिवशी पुलावर समोर उभ्या राहिलेल्या दरोडेखोर जादूगाराच्या हातात तोच कागद होता. आणणाऱ्यास द्यावे, एवढंच त्यात होतं. व्हाइलनं दिले.

नरसी मेहतांचं कलम

सगळ्यांत मोठा वाद या कलमावर झाला, आणि अजून धुमसतो आहे. जुनागढच्या नरसी मेहतांची गोष्ट बडोद्यात मराठी घरांतही सर्वांना पाठ. द्वारकेला निघालेल्या यात्रेकरूंना टवाळांनी त्यांच्या दारी धाडलं. त्यांनी सातशे रुपये घेऊन द्वारकेच्या शामळशा शेटवर हुंडी लिहून दिली. असा शेट द्वारकेत नव्हताच. रुपये साधुसंतांच्या जेवणात खर्च झाले, आणि द्वारकेत देवानं शेटचं रूप घेऊन हुंडी वटवली. बडोद्याच्याच प्रेमानंदांनी १७व्या शतकात यावर आख्यान रचलं.

बहिणीला हे पद्धतीत हवंच होतं: ठेव नसताना देवावर लिहिलेली हुंडी. रचणारा ठाम विरोधात, "मग प्रत्येक जण नरसी मेहता होणार." तोडगा गोष्टीतूनच निघाला. नरसींनी स्वतःसाठी लिहिली नव्हती आणि घेतलेलं मूल्य दुसऱ्यांवर खर्चून झालं होतं. म्हणून अटी अशा: लिहिणाऱ्याला फायदा घेता येणार नाही, मूल्य आधीच परक्यांवर खर्च झालेलं पाहिजे, आणि वटेल की नाही हे नेणारा तिथे पोचेपर्यंत कुणालाच, खेळ चालवणाऱ्यालाही, माहीत नसेल. फासा तिथेच पडतो. बहिणीच्या मते फासा टाकणं हाच मुळात अविश्वास आहे. मला तिचं म्हणणं पटतं, पण तिच्या म्हणण्याचा नियम कसा लिहायचा हे तिलाही सांगता आलेलं नाही.

सध्याची स्थिती

प्रोग्रामरनं क्रिएशन किट या स्कायरिमच्या साधनात याचा मॉडही, म्हणजे मूळ खेळात चाहत्यांनी केलेला बदल, करून पाहिला. पॅपिरस या स्क्रिप्टच्या भाषेत खेळातल्या इतक्या तासांनी हाक मार, असं सांगायची सोय आहे, त्यामुळे मुदत जमली. वटावही जमला. मात्र पेढीवाला चेहरा बघून "तुमची नाही चालणार" म्हणतो ते जमेना. तिथे अटींची यादी तपासली जाते, आणि यादी माहीत झाली की संपलं. बाकी उरला तो मागाहून बिल येणारा मॅजिकाचा काढा. त्यानं तो मॉड अर्धवट सोडला.

टेबलावरचा खेळ सुरू आहे. नियमांची वही तिसऱ्यांदा उतरवून झाली, त्यात आत्याच्या अक्षरात समासात दोन टिपा आहेत. एक प्रश्न लोंबकळतो: ज्याच्यावर हुंडी लिहिली तो मुदतीआधी मेला आणि त्याचा आत्मा माणसांचे आत्मे कोंडणाऱ्या काळ्या सोल जेममध्ये कोंडला गेला, तर देणं कुणाचं? रचणारा म्हणतो, वारसाचं. प्रोग्रामर म्हणतो, जेम ज्याच्या हातात त्याचं. आत्याचं मत मागितलं तेव्हा तिनं आधी मृत्यूचा दाखला मागितला. पुढची बैठक उत्तरायण झाल्यावर आहे. तोवर मोठ्या भावाचं पात्र तसाच एक जेम खिशात घालून विंटरहोल्डच्या वाटेवर थांबलेलं आहे.